वाजते न वाजते तोच

गेल्या आठवड्यात बारावीच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये रहिमतपूरहून येणाऱ्या एका मुलीने फळ्यावर वाक्य लिहिले, ‘नो सूनर डिड द बेल रँग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.’ मी सवयीने ‘रँग’वर रेघ ओढली, वर ‘रिंग’ लिहिले आणि सवयीनेच म्हणाले, “डिड आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात.” तिने मान डोलावली, जागेवर जाऊन बसली आणि मग हात वर केला. “मॅडम, पण डिड येतंच कशाला? आणि ते बेलच्या आधी का?” मी घड्याळाकडे पाहिले आणि “तसा नियम आहे” असे सांगून पुढचा प्रश्न घेतला. साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या या खोलीत इतकी वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या बाईने द्यावे असे ते उत्तर नव्हते, आणि रात्री भांडी आवरतानाही ते मला टोचत राहिले.

खरे तर मलाही कोणी याहून वेगळे सांगितले नव्हते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीत येई आणि दहावीपर्यंत त्याचे रूपांतर पाककृतीत होई. ‘ॲज सून ॲज’ काढा, ‘नो सूनर’ घाला, ‘डिड’ टाका, स्वल्पविरामाच्या जागी ‘दॅन’ ठेवा. झाले वाक्य तयार. त्या पाककृतीवर मी गुण मिळवले. पुढे महाविद्यालयात एका प्राध्यापकांच्या निरोप समारंभात इंग्रजी मानपत्र वाचण्याचा मान मला मिळाला, तेव्हा मी ठसक्यात वाचले, ‘रेअर्ली वी गेट सच अ टीचर.’ कार्यक्रमानंतर चहा घेताना पाहुणे म्हणून आलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले, छान वाचलेस म्हणाले आणि पुढे जाता जाता हसून पुटपुटले, “रेअर्ली डू वी गेट सच अ रीडर.” त्यांनी माझी चूक काढली होती हे मला घरी पोहोचल्यावर कळले. ‘नो सूनर’ला लागणारा नियम ‘रेअर्ली’लाही लागतो, हे आमच्या पाककृतीत कुठेच नव्हते.

तर त्या मुलीला द्यायला हवे होते ते उत्तर येथे सावकाश लिहिते.

सुरुवात मराठीपासूनच करावी लागेल. ‘रामाने रावणाला मारले’ हे वाक्य आपण हवे तसे फिरवू शकतो. ‘रावणाला मारले रामाने’ म्हटले काय किंवा ‘मारले रामाने रावणाला’ म्हटले काय, मेला तो रावणच, कारण कोण कर्ता आणि कोण कर्म हे ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात, शब्दांची जागा सांगत नाही. इंग्रजीत ‘राम किल्ड रावण’मधली दोन नामे नुसती बदलून पाहा, रामायणच उलटे होईल. आपण जे काम प्रत्ययांकडे दिले आहे, ते इंग्रजीने शब्दांच्या जागेकडे दिले आहे. म्हणूनच ती भाषा कर्ता, मग क्रियापद, मग कर्म ही रांग सहसा मोडत नाही, आणि जेव्हा मोडते तेव्हा ऐकणाऱ्याने कान टवकारावेत अशी तिची अपेक्षा असते.

ही रांग पहिल्यापासून इतकी कडक नव्हती. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, आणि वाक्याच्या आरंभी कर्त्याऐवजी दुसरे काही आले, तर बहुधा क्रियापद लगेच दुसऱ्या जागेवर येई व कर्ता त्याच्या मागे सरके. तिच्या सख्ख्या बहिणी म्हणजे जर्मन आणि डच आजही असेच बोलतात. ‘आज तो येतो’ असे त्यांना म्हणायचे असेल तर त्यांच्या वाक्याचा क्रम ‘आज येतो तो’ असा होतो. इंग्रजीचे प्रत्यय पुढे झिजून गेले, रांग पक्की झाली, पण जुन्या घरातील एखादे कपाट नव्या घरातही राहावे तशी ही सवय काही ठिकाणी राहून गेली. आपण ज्याला इन्व्हर्जन म्हणतो, म्हणजे कर्ता आणि क्रियापद यांच्या जागांची अदलाबदल, ते बरेचसे हेच कपाट आहे.

‘डिड’ची गोष्ट त्यानंतरची. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘व्हॉट सेएस्ट दाउ’ असा प्रश्न आहे, म्हणजे ‘काय म्हणतोस तू’. तेथे मुख्य क्रियापद स्वतःच उडी मारून कर्त्याच्या पुढे गेले आहे. मात्र सोळाव्या आणि सतराव्या शतकांत हळूहळू अशी पद्धत रुळली की प्रश्नात आणि नकारात मुख्य क्रियापदाने आपली जागा सोडायची नाही, धावपळ साहाय्यक क्रियापदाने करायची, आणि वाक्यात साहाय्यक नसेलच तर ‘डू’ला बोलावून घ्यायचे. एकदा ‘डू’ आला की काळाचे ओझे तोच उचलतो. मराठीतही ‘घंटा वाजत होती’ आणि ‘घंटा वाजत आहे’ या दोन वाक्यांत काळ ‘होती’ आणि ‘आहे’ सांगतात, ‘वाजत’ आहे तसेच राहते. त्याच न्यायाने ‘डिड’ने भूतकाळ सांगून टाकल्यावर ‘रिंग’ला तो पुन्हा सांगण्याचे कारण उरत नाही. माझ्या विद्यार्थिनीने ‘रँग’ लिहिले, म्हणजे एकच भाडे दोनदा भरले.

आता मुख्य प्रश्न राहतो तो असा की ‘नो सूनर’, ‘रेअर्ली’, ‘नेव्हर’ यांच्यामागेच ही अदलाबदल का होते. या सगळ्या शब्दांच्या पोटात नकार आहे. ‘नेव्हर’मध्ये तो उघड आहे, ‘सेल्डम’, ‘रेअर्ली’, ‘हार्डली’, ‘स्केअर्सली’ यांत तो अर्धामुर्धा आहे, ‘अंडर नो सरकमस्टन्सेस’मध्ये तो ठणकावून सांगितलेला आहे, आणि ‘ओन्ली देन’मध्ये ‘त्याआधी नाही’ असा लपलेला आहे. असा नकार वाक्याच्या तोंडाशी आणून बसवला आणि त्याची सावली पूर्ण वाक्यावर पडली, की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे येते. ही सावलीची अट मला वर्गात एका जोडीने नेहमी पटवून देता येते. ‘इन नो टाइम द बस केम’ म्हणजे गाडी क्षणात आली. येथे ‘नो’ आहे खरा, पण तो फक्त ‘टाइम’ला चिकटलेला आहे, गाडी तर आलीच आहे, म्हणून अदलाबदल नाही. ‘ॲट नो टाइम डिड द बस कम’ म्हणजे गाडी कधीच आली नाही; येथे नकाराने गाडीचे येणेच खाऊन टाकले आहे, म्हणून ‘डिड’ पुढे आला. दोन्हींत ‘नो टाइम’ हेच शब्द आहेत. साताऱ्याच्या स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र या दोन वाक्यांतला फरक व्याकरण न शिकताही कळेल.

याच कारणाने नकार किंवा ‘ओन्ली’ नुसत्या कर्त्यालाच लागला असेल तर काही हलत नाही. ‘नॉट ओन्ली वाई बट ऑल्सो सांगली स्टँड्स ऑन द कृष्णा’ हे वाक्य सरळच राहते. आणि ‘नॉट अंटिल’ किंवा ‘ओन्ली आफ्टर’ने सुरू होणाऱ्या वाक्यात अदलाबदल होते ती पुढच्या मुख्य वाक्यात, लगतच्या पोटवाक्यात नाही. ‘नॉट अंटिल द रेन स्टॉप्ड डिड वी लीव्ह’, म्हणजे पाऊस थांबेपर्यंत आम्ही निघालो नाही. मुले येथे घाई करतात आणि ‘अंटिल’ दिसताच ‘डिड’ बसवून टाकतात, कारण पाककृतीत ‘नॉट’ दिसला की ‘डिड’ टाका एवढेच लिहिलेले असते. नकार कशाला आहे हे पाहिले तर ही चूक होणार नाही. नकार पावसाच्या थांबण्याला नाही, आमच्या निघण्याला आहे.

त्या रात्री भांडी आवरताना मला जे सुचले ते मात्र ‘नो सूनर’विषयीच होते. वर्षानुवर्षे मी त्याचे मराठी ‘जसे... तसे’ किंवा ‘लगेच’ असे सांगत आले, आणि त्यामुळे मुलांना त्यातला ‘नो’ कायम आगंतुक वाटत राहिला. आपल्याकडे याच अर्थाची एक रचना आजीच्या तोंडी सहज असे : घंटा वाजते न वाजते तोच मुले बाहेर पळाली. आई डोळे मिटते न मिटते तोच दाराची कडी वाजली. यात ‘न’ आहे की! घंटा पुरती वाजलीही नाही, इतक्यात मुले पळाली. ‘नो सूनर’मध्येही नेमके हेच आहे, की घंटेचे वाजणे मुलांच्या पळण्यापेक्षा काही फारसे लवकर झाले नाही. ‘सूनर’ तुलनादर्शक असल्याने त्याच्यामागे ‘दॅन’ येतो, आणि ‘हार्डली’ किंवा ‘स्केअर्सली’ यांत तुलना नसल्याने त्यांच्यामागे ‘व्हेन’ येतो. आपल्याकडे ही दोन्ही कामे एकटा ‘तोच’ करतो. मला वाटते, कोल्हापूर विभागीय मंडळाच्या परीक्षेला बसणारी आमच्या भागातील मुले जर ‘वाजते न वाजते’ ऐकत वाढली आहेत, तर त्यांना ‘नो सूनर’ची पाककृती पाठ करायला लावणे हा आमचाच आळस आहे.

‘लिटल डिड आय नो’चेही असेच आहे. त्याचे ‘मला थोडेच माहीत होते’ असे मराठी केले की ते थोडे माहीत होते असा अर्थ पोर काढते. खरा अर्थ ‘मला काय ठाऊक!’ असा आहे, आणि गंमत अशी की नकार ठासून सांगण्यासाठी आपण येथे प्रश्नाचे रूप घेतो, तर इंग्रजीचे वाक्यही प्रश्नासारखेच उलटे होते.

या सगळ्या प्रकारात एक साहाय्यक क्रियापद लागते. परंतु दुसरा एक प्रकार असा आहे की ज्यात ‘डू’ला मुळीच बोलवायचे नसते, आणि तो मराठी माणसाला शिकवावाही लागू नये. संध्याकाळी साताऱ्याच्या स्टँडवर उभे राहून पाहावे. दप्तरे पाठीला लावलेली मुले, भाजीची रिकामी पाटी घेतलेल्या बायका, कोणी पेढ्यांचे पुडके सांभाळत बसलेले; सगळ्यांच्या नजरा आत येणाऱ्या गाड्यांच्या पाट्यांवर. एकाला पाटी वाचता येते आणि तो ओरडतो, “आली रहिमतपूर गाडी!” कोणीही ‘रहिमतपूर गाडी आली’ असे ओरडत नाही, तसे वाक्य नंतर घरी फोनवर सांगण्याचे आहे. डोळ्यांसमोर काही अवतरत असताना क्रियापद आधी येते आणि जे अवतरले ते शेवटी. इंग्रजीत अगदी हेच ‘हिअर कम्स द बस’ म्हणून येते. आणि गाडी आधीच ठाऊक असेल, तिला नुसते ‘इट’ म्हणायचे असेल, तर इंग्रजी रांग पुन्हा सरळ करते, ‘हिअर इट कम्स’, आपण तर तेव्हा कर्ता टाकूनच देतो आणि नुसते “आली, आली!” म्हणतो. नव्या पाहुण्यालाच शेवटच्या पाटावर बसवायचे, घरच्या माणसाला नाही, हा दोन्ही भाषांचा शिष्टाचार आहे.

गोष्टी सांगतानाही आपण हेच करतो. ‘एक होता कावळा, एक होती चिमणी’ यात ‘होता’ आणि ‘होती’ ही क्रियापदे आधी आहेत आणि कावळा-चिमणी मागून येतात, कारण ती दोघे गोष्टीत पहिल्यांदा येत आहेत. ‘कावळ्याचे घर होते शेणाचे’ येथपर्यंत येता येता कावळा ओळखीचा झालेला असतो आणि वाक्याच्या आरंभी जाऊन बसतो. ‘अबव्ह द टाउन स्टँड्स अजिंक्यतारा’ हे इंग्रजी वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि त्याखाली ‘शहराच्या माथ्यावर उभा आहे अजिंक्यतारा’ असे लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “हे तर निबंधातलं वाक्य झालं.” तसेच आहे. स्थळ आधी, मग ‘स्टँड’, ‘लाय’, ‘हँग’, ‘कम’ यांसारखे अकर्मक क्रियापद, मग दिसणारी वस्तू. वर्णनातल्या डोळ्याचा प्रवास जसा होतो तशीच शब्दांची रांग. येथे ‘डज स्टँड’ लिहिणे चूक, आणि ‘अबव्ह द टाउन स्टँड्स इट’ हेही चूक. एक काळजी मात्र घ्यावी लागते. क्रियापद मागून येणाऱ्या कर्त्याप्रमाणे चालते, जवळच्या नामाप्रमाणे नाही. मोती चौकातल्या दुकानाचे वर्णन करताना ‘ऑन द काउंटर वॉज टू बॉक्सेस ऑफ पेढे’ असे लिहिणारी मुले मराठीत कधी ‘काउंटरवर होता दोन डबे’ लिहिणार नाहीत. त्यांना एवढेच विचारले की चूक ती स्वतःच दुरुस्त करतात.

जर-तरच्या वाक्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. ‘हॅड वी बुक्ड इन टाइम, वी वुड हॅव सीन द फ्लॉवर्स ऑफ कास’ येथे ‘इफ’ काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘हॅड’ पुढे आला. आपणही ‘वेळेत बुकिंग केले असते, तर कासची फुले दिसली असती’ असे म्हणताना ‘जर’ टाकून देतो. ही सवलत फक्त ‘हॅड’, ‘वेअर’ आणि ‘शुड’ या तिघांना आहे, आणि नकार असेल तर ‘हॅडन्ट वी’ असे न लिहिता ‘हॅड वी नॉट’ असे सुटे लिहायचे, इतके लक्षात ठेवले की पुरे. ‘सो डू आय’ आणि ‘नायदर कॅन आय’ म्हणजे आपले ‘मी पण’ आणि ‘मी पण नाही’.

प्रश्नवाक्यांत मात्र आम्ही मराठी माणसे दोन्हीकडून सापडतो. ‘स्टँड कुठे आहे?’ आणि ‘स्टँड कुठे आहे सांगता का?’ या दोन वाक्यांत ‘स्टँड कुठे आहे’ हा तुकडा जसाच्या तसा राहतो, कारण प्रश्न आहे की नाही हे आपल्याकडे ‘कुठे’, ‘काय’, ‘का’ आणि आवाजाचा चढउतार यांवरून कळते. इंग्रजीत पहिले वाक्य ‘व्हेअर इज द स्टँड’ असे उलटते आणि दुसऱ्यात तोच तुकडा ‘कॅन यू टेल मी व्हेअर द स्टँड इज’ असा पुन्हा सरळ होतो, कारण प्रश्न विचारण्याचे काम ‘कॅन यू’ने आधीच उरकलेले असते. आम्ही पहिल्या ठिकाणी ‘व्हेअर यू आर गोइंग’ म्हणून उलटायचे विसरतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘टेल मी व्हेअर आर यू गोइंग’ म्हणून नको तेथे उलटतो. पोवई नाक्यावर कोणी परक्याशी असे बोलला म्हणून त्याचे काही अडणार नाही, आणि बोलण्यातल्या अशा इंग्रजीला हसणाऱ्या लोकांविषयी मला फारसा आदरही नाही. लेखी परीक्षेत आणि अर्जात मात्र ही चूक लगेच डोळ्यांत भरते, म्हणून तिच्यावर मी वर्षातले निदान चार तास देते.

इन्व्हर्जन शिकवण्याचा एक तोटाही आहे, आणि तो मी स्वतःच्या हाताने पदरात पाडून घेतला आहे. दोन वर्षांपूर्वी हा धडा संपल्यावर एका हुशार मुलाने मला रजेचा अर्ज पाठवला. ‘नेव्हर हॅव आय सफर्ड सच अ कोल्ड. हार्डली कॅन आय गेट अप. अंडर नो सरकमस्टन्सेस शॅल आय कम टुमॉरो.’ व्याकरणात एकही चूक नव्हती. शेवटच्या वाक्यात त्याला ‘उद्या येता येणार नाही’ असे म्हणायचे होते, पण अर्थ निघत होता तो ‘काही झाले तरी उद्या मी येणार नाही’ असा. सर्दी झालेल्या मुलाची नव्हे, संपावर गेलेल्या कामगाराची ती भाषा होती. गाइडांमध्ये ‘मी आंबा खाल्ला न खाल्ला तोच पाणी प्यालो’ अशा छापाची वाक्ये उलटवून घेतात, त्यामुळे ही रचना कधी वापरायची हे मुलांना कळत नाही. आंबा आणि पाणी यांच्यात असे काय घडले की भाषेने आपली रांग मोडावी? घंटा आणि पळापळ, डोळे मिटणे आणि कडी वाजणे यांत काही तरी तुटते, दचकवते. तेथे ‘नो सूनर’ शोभतो.

सोमवारी मी त्या मुलीला पुन्हा फळ्यावर बोलावले, आधीच्या उत्तराबद्दल क्षमा मागितली आणि वरच्यापैकी अर्धेअधिक सगळ्यांना सांगितले. मग नवे वाक्य लिही म्हटले. तिने वहीच्या समासात आधी पेन्सिलीने मराठी लिहिले, ‘थांबते न थांबते तोच’, आणि फळ्यावर ‘नो सूनर डिड द बस स्टॉप दॅन ऑल द सीट्स वेअर टेकन.’ ‘स्टॉप’पाशी ती क्षणभर थबकली होती, पण पुढे ‘प्ड’ तिने लावला नाही.

“मॅडम, डिडच्या जागी हॅड चालतं का?”

“चालतं. मग मात्र स्टॉप्ड लिहायचं, कारण...”

तिने घड्याळाकडे पाहिले. “ते उद्या सांगाल का? पावणेसातची गाडी आहे,” असे म्हणून तिने खडू खाली ठेवला, दप्तर उचलले आणि जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत गेला.